पेक्षा

मंगळवारी दहाला, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
हीटर खडखडतो आणि आम्ही सातजण खरेदीला निघतो.
टेबलावर प्लास्टिकचं पेअर, दुधाची रिकामी बाटली,
चार केळी. तेवढी खरी, शेवटी वाटून खायची.
आज शिलान दुकानदार, मी गिऱ्हाईक.
वीस वर्षं संगमनेरला मी गल्ल्याच्या आत उभा होतो,
पुडी नुसती हातात घेऊन सांगायचो
पावशेर भरते की नाही.
आता पेअर हातात धरून विचारतो,
हाऊ मच इज इट, प्लीज.
शिलान कागदात बघून म्हणते, फिफ्टी पी.
महाग लावलंत, असं मला म्हणायचं असतं.
ते पुढच्या धड्यात आहे.

तांदूळ मोजता येत नाहीत, हिलरीबाई म्हणाल्या.
मच राइस. मेनी नाही.
बाई, मी तांदूळ निवडलेत.
परातीत, उन्हाकडे पाठ करून,
खडा वेगळा, कणी वेगळी.
आमच्याकडे ते तांदूळ असतात, पुष्कळ असतात,
शिजले की भात होतो, तेव्हा कुठे एक.
हे सांगायला जेवढी वाक्यं लागतात
तेवढी जवळ नव्हती.
वहीत लिहून घेतलं : मच.

प्लीज मात्र मी सगळीकडे घालतो, मिठासारखं.
आमच्याकडे तो वेगळा नसतो,
‘दे’चं ‘द्या’ केलं की त्यातच मावतो.

हेमलताच्या वाढदिवसाला बाजारावरच्या कॅफेत गेलो.
बसमध्ये हडर्सफील्ड येईपर्यंत घोकत होतो,
टेबल फॉर टू, प्लीज. टेबल फॉर टू.
दार उघडलं तर ती पोरगी म्हणाली,
बसा कुठेही, लव्ह.
यातलं काहीच पुस्तकात नव्हतं.
मी हेमलताकडे पाहिलं. ती इन्फर्मरीत रात्रपाळी करून आलेली,
डोळे चुरचुरत होते तरी हसली :
सगळ्यांनाच म्हणतात इथे. बस खाली.
सूप मी मागवलं. पैसे तिने दिले.
परत आलेली नाणी मात्र मी मोजली,
न बघता, बोटांनी, पूर्वीसारखी.

चीप, चीपर, चीपेस्ट.
फळ्यावर एकामागे एक उभे, शाळेतल्या उंचीच्या रांगेसारखे.
आमच्या भाषेत कुणी असा एकटा स्वस्त होत नाही,
त्याला टेकायला कुणीतरी लागतं. कशापेक्षा?
इथल्या काचांवर नुसतं लिहितात, आता आणखी स्वस्त.
मी गल्ल्यातला माणूस, मला माहीत आहे कशापेक्षा.
काल रात्री वाढवलेल्या भावापेक्षा.

बाई म्हणाल्या, तुमचं गाव आणि हे गाव, तुलना करा.
सेनाइत म्हणाली, अस्मारा उंच आहे.
झ्बिग्न्येव म्हणाला, त्याच्याकडचा पाव बरा, आणि बराच वेळ
पावाबद्दलच बोलत राहिला.
मी उठलो. हडर्सफील्ड इज कोल्डर.
दॅन? बाईंनी खडू वर धरला.
शब्द येत होता. शब्दासाठी अडलो नाही.
दुकानाच्या तीन पायऱ्या आल्या मध्ये,
आणि नवी पाटी,
जिच्यावर आता धाकट्याचं एकट्याचं नाव आहे.
दॅन संगमनेर, म्हणालो, आणि बसलो.
व्हेरी गुड.

गुड, बेटर, बेस्ट. समोर मराठी लिहीत गेलो.
बेटरपाशी ‘बरं’ लिहिलं, कानाला जवळचं म्हणून.
मग खोडलं. आपलं बरं चांगल्याच्या वर नसतंच,
ते एक पायरी खाली, चपलांपाशी बसतं.

संध्याकाळी धाकट्याचा फोन.
कसं काय तिकडे?
बरं आहे.
बरं, ठेवतो मग.

तिच्या डब्यासाठी दोन वाट्या तांदूळ काढले.
पाकिटातले. निवडलेले. एक खडा सापडायचा नाही.
तरी ताटात पसरले, दिव्याखाली,
आणि बोट फिरवत बसलो.