इतर

पेठ नाक्यावरचा नवा सिग्नल
गाड्या मोजतो.
जिकडे रांग लांब, तिकडे हिरवा जास्त वेळ.
दुपारी पाहावं त्याला:
रिक्षा, बस, द्राक्षांच्या क्रेटचा टेम्पो,
प्रत्येकाभोवती चौकोन काढत सुटतो.
हॉर्न खरंच कमी झालेत.
कोपऱ्यावरचा चहावाला कुरकुरतो,
आता कुणी अडकतच नाही, मॅडम.

मी रात्रपाळीला.
पडद्यावरच्या चौकोनांना नावं देते.
दुचाकी. चारचाकी. अवजड.
कळलं नाही ते सगळं: इतर.

पावणेपाचला मखमलाबादकडून
रंगनाथ मौले येतात,
सायकलला दोन्हीकडे झेंडूची पोती.
लाल. थांबतात.
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
यंत्राच्या हिशेबी तेही नाहीत.
चार मिनिटं, कधी सहा.

एकदा पाळी संपवून फूलबाजारात गाठलं त्यांना.
म्हटलं, नाना, निघून का नाही जात?
म्हणाले, कॅमेरा आहे ना वर.
बघत असेल की तो.

मी काही बोलले नाही.
आठवडाभर जुनी चित्रं उपसली,
चारशे बारा,
हातानं चौकोन काढले,
लिहिलं: सायकल. पोत्यांसकट, माणसासकट.

काल पहाटे
त्यांचा पाय जमिनीला टेकणार
तेवढ्यात हिरवा.
पाय तसाच परत पॅडलवर.
जाताना वर बघून मान हलवली,
गल्लीतल्या ओळखीच्याला हलवावी तशी.

गचक्यानं एक झेंडू सांडला चौकात.
यंत्रानं त्याच्याभोवतीही चौकोन काढलाय
आणि विचारतंय, हे काय?

अजून काही लिहिलेलं नाही मी.