चाळीस हजार नग

तायवो अकिनशोलाला मी कधी भेटलो नाही.
पण त्याचं नाक तीनदा केलंय,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
ग्राफपेपरवर एकेक चौकोन भरत.

पहिल्यांदा तो गव्हर्नरकीला उभा होता.
दोंता शेठ म्हणाले, नायजेरिया, चाळीस हजार नग,
तिकडं मतं मागताना टॉवेल वाटतात.
फोटोत दोन्ही गालांवर तीन-तीन रेघा.
मला वाटलं, झेरॉक्सचे ओरखडे.
साफ केले. गाल कसा, पेढ्यासारखा.

सँपल परत आलं.
सोबत एक ओळ: हा आमचा माणूस नाही.
त्या रेघा म्हणे लहानपणीच पात्यानं काढलेल्या,
बघणाऱ्याला घराणं कळावं म्हणून.
रात्रभर बसून कार्डं पुन्हा ठोकली.
एका माणसाला त्याचं घराणं परत दिलं,
मजुरी तीच.

निवडून आला.
चार वर्षांनी फोटो आला तो गळ्याखाली मांस घेऊन;
हनुवटीला मी दोन चौकोन वाढवले.
शेठच्या कानावर यायचं:
पूल बांधला, मास्तरांचे पगार थकवले,
पुलाच्या उद्घाटनाला मास्तरांनाच उभं केलं.
मी म्हटलं, मग आपलाच की.
शेठ हसले नाहीत. त्यांचंही बिल अडकलं होतं.

मग सिनेटर व्हायचं होतं.
नवा फोटो मोठा, गुळगुळीत,
आणि गालांवर काहीच नाही.
कुणी पुसलं, त्यानं की त्याच्या पोरांनी, कळायला मार्ग नव्हता.
मी विचारलं नाही. घातल्या रेघा.
सहाच्या सहा, हाताला पाठ होत्या.
या खेपेला माल परत आला नाही.
तो जिंकला. पत्रबित्र काही नाही.

यंदा मात्र कंटेनर भरायच्या आत
पक्षानं तिकीट कापलं.
तोच फोटो, तीच कार्डं, माल तयार,
आणि गठ्ठे मंगळवार बाजारात किलोवर गेले.

आता साखर पेठेच्या सलूनात
दाढी झाली की लोक त्याला तोंडावर दाबतात.
उलटा धरला की काळ्याचा पांढरा होतो, पांढऱ्याचा काळा.

एक आमच्याही घरी आहे.
बायको तो ओला करून तेंदूच्या पानांवर पसरते,
पानं कडक झाली की विडी फाटते.
काल तिनं त्याच्या गालाला बोट लावलं.
म्हणाली, इथं धागा सुटलाय की हो,
आणि नखात धरला.

मी म्हटलं, ओढू नको.