करुलैस

तो गेल्याचं मोबाइलवर कळलं.
पंख्याची मोटार उघडून बसलो होतो.
हल्ली पंखे, मिक्सर, कुणाचा तरी चार्जर;
टीव्ही दुरुस्तीला कोण आणतंय आता.
पाटीवर मात्र अजून आहे : टीव्ही, रेडिओ, टेप,
वर कन्नडात, खाली मराठीत,
दोन्हींतलं 'टेप' गंजानं खाल्लेलं.

परशराम गर्लगुंजीकर. वय एक्क्याऐंशी.
बातमीत म्हणाले, उभ्या महाराष्ट्राला हसवलं.
मी पेचकस खाली ठेवला,
मनात म्हटलं, आम्हालाबी की.

त्याचा चेहरा मी जेवढा पाहिलाय
तेवढा त्याच्या घरच्यांनीही पाहिला नसेल.
सरळ तर सगळ्यांनीच पाहिला.
मी पाहिला उभा ताणलेला, आडवा चेपलेला,
पाय वर, मुंडकं खाली,
वर वर सरकत जाणारा, थांबेचना;
कधी नुसत्या मुंग्या
आणि वारुळाच्या आतून त्याचा आवाज.

गुरुवारी साडेसातला त्याचा कार्यक्रम.
सहापासून वडगावातली निम्मी गल्ली माझ्या दारात :
'दस्तगीर, एवढं त्याचं नाक सरळ करून दे.'
समोर आरसा टेकवायचो, मागून पेच फिरवायचो,
आरशात बघत बघत त्याला माणसात आणायचो.
म्हणून माझा परशराम कायम डावखुरा.
पोरं कौलावर चढून काठी उत्तरेला वळवायची,
'आला काय?' 'आला, आला, गेला!'
साडेसातला माग थांबायचे.
एवढ्या धोट्यांना एका दमात गप्प बसवणं
दुसऱ्या कुणाला जमलं नाही.

मराठी त्याची पुण्याची, इस्त्री केलेली.
गर्लगुंजी तेवढी आडनावात ठेवून
बाकीचं सगळं खानापूरच्या स्टेशनात टाकून गेलाय,
असं आम्ही म्हणायचो. जरा लागूनच म्हणायचो.

एका गुरुवारी पोस्टमनची नक्कल होती.
थैली सांडली, पत्रं पसरली,
समोरचा नवखा नट वाक्य विसरून उभा,
आणि ह्याच्या तोंडून निसटलं :
'काय करुलैस रे?'

गल्ली क्षणभर गप्प.
मग हाक आल्यावर 'ओ' देतात
तशी सगळी एकदम उठली.
दाराशी कल्लव्वा होसमनी बसलेली,
तिला मराठी निम्मीच कळायची,
तोंडाकडे बघून ती नेहमी
आमच्या अर्धा क्षण आधी हसायची.
त्या दिवशी हसली नाही. म्हणाली, 'नम्म हुडगा.'
माझ्या घरात दखनी, तिच्या घरात कन्नड,
समोर मागावर मराठी;
तो शब्द रस्त्यातला होता, सगळ्यांच्या पायाखालचा.

पुढच्या महिन्यात तोच भाग पुन्हा लागला.
थैली सांडली, नट थांबला,
चित्राला एक बारीक हिसका,
आणि सरळ पुढचा प्रसंग.
'सेट बिघडला गा तुझा,' कुणीतरी म्हणालं.
मी मागचं झाकण काढलं, उगाच,
धूळ पुसली, परत लावलं.
बिघडलेला सेट मला कळतो
आणि कात्रीसुद्धा.

काल रात्री सगळ्या चॅनेलांवर तोच.
तीन वाजेपर्यंत जागा राहिलो.
पोस्टमन आला.
थैली सांडली.
हिसका.

सकाळी कल्लव्वा काठी टेकत पायरीशी आली.
तिला आता माणसं आवाजावरून ओळखावी लागतात.
'होदनेनु?'
'होद,' म्हटलं.
बसली. पदरानं नाक पुसलं.
मी मोटारीत तेलाचे दोन थेंब सोडले,
पातं बोटानं फिरवून बघितलं.
बऱ्याच वेळानं तिनं मान वळवली,
मी होतो त्याच्या जराशी बाजूला,
आणि सावकाश, एकेक अक्षर चाचपत, म्हणाली,
'काय करुलैस रे?'

'पंखा,' म्हणणार होतो.
पण ती हसली होती,
माझ्या अर्धा क्षण आधी.