काठाची लांबी

हिप्परग्याच्या तळ्याचा काठ किती लांब,
एवढंच साहेबांनी विचारलं होतं.
फॉर्मात त्यासाठी एक चौकोन होता,
पाच आकडे मावतील एवढा.

मार्चअखेर. पाणी उतरलेलं.
मी, गुंटूक नरसय्या
आणि तीस मीटरची साखळी.
दुपारच्या भाकरीआधी उत्तर आलं.
नरसय्या म्हणाला, साखळी उडी मारून गेली की ओ,
बाभळीजवळची खाच धरलीच नाही आपण.
मग दहाची दोरी. उत्तर वाढलं.
मग मीटरभराची काठी. अजून वाढलं.
खाचेत खाच, तिच्या आत
म्हशीच्या खुरात साचलेलं पाणी.
हे काठात धरायचं का?
त्यानं खरंच विचारलं
आणि मी खरंच गप्प बसलो.

रात्री आलेखाच्या कागदावर मांडलं.
माप जितकं आखूड, काठ तितका लांब,
पण त्या लांबण्याला शिस्त होती:
लॉगमध्ये घेतले तसे ठिपके एका रेषेत उभे राहिले.
अख्ख्या तळ्यात सरळ असं तेवढंच.
उतारावरून मिती काढली,
एकाहून थोडी जास्त, दोनाहून बरीच कमी.
रेघ म्हणावी तर अंगानं भरलेली,
पसरट म्हणावी तर हाडकुळी.
एक आणि दोनच्या मधल्या त्या बोळात
शाळेनं आम्हाला कधी नेलंच नव्हतं.

नरसय्याचा बाप साखर पेठेत
जेकार्डचे पुठ्ठे ठोकायचा.
चादरीवरचा मोर, तो म्हणाला,
डोळ्याशी नेला की मोर राहत नाही,
पायऱ्या दिसतात, मग सूत, मग संपलं.
आमच्या मोराला तळ आहे.
तुमच्या तळ्याला नाही.

पावसाची वही त्याहून वाईट.
वर्षाला साडेपाचशे मिलिमीटर, सरासरी;
आकडा कसा टोपी घातल्यासारखा नीट.
आत बघावं तर अर्धा पाऊस अकरा दिवसांत,
त्या अकरांतला अर्धा काही तासांत,
त्या तासांतला अर्धा काही मिनिटांत,
बाकी पानंच्या पानं शून्य, शून्य,
कारकुनाच्या कंटाळलेल्या हाताची.
काठाला निदान एक मिती पुरली,
इथं प्रत्येक सरीचा स्वभाव वेगळा:
धो-धोची मिती निराळी, भुरभुरीची निराळी.
एक आकडा नाहीच पुरत,
मितींची अख्खी कमान काढावी लागते.
मल्टिफ्रॅक्टल म्हणतात त्याला, मी सांगितलं.
आमच्या घरी, नरसय्या म्हणाला,
पगाराला काय म्हणतात मग?

चौकोनात मी शेवटी आकडा लिहिला,
खाली बारीक अक्षरात: दहा मीटरच्या दोरीने.
साहेबांनी तेवढं खोडलं.
शेऱ्याला रकाना नाही, म्हणाले.

आठवड्यानं पाणी वीतभर उतरलं.
उघड्या पडलेल्या गाळात
म्हशी नव्यानं पाय रोवत होत्या,
एक, दोन, आणि वासराचे
अगदी लहान चार.