शेरा

रजिस्टर रेशनिंग ऑफिसातलं,
निवृत्तीच्या दिवशी कोरं म्हणून मागून आणलेलं.
अनुक्रमांक, दिनांक, वर्णन, कुठून आले,
आणि अगदी शेवटी, अरुंद रकाना:
शेरा.

तन्वीर पहिल्या दिवशी त्यावर बोट ठेवून म्हणाला,
मॅडम, सगळ्यांचं नाव शेराच?
मांजरांचंसुद्धा?

तीस वर्षं त्या रकान्यात मी
'कागदपत्रे अपूर्ण' लिहिलं,
'सबब नामंजूर' लिहिलं.
या पोराला ते नाव वाटलं.

माहुलची शेड वासामुळे स्वस्त मिळाली.
रिफायनरी, खाडी, वाळत घातलेला जवळा,
त्यात आमची भर कोणाला कळणार, असा हिशोब होता.
कळली. बारा सह्यांचा अर्ज आला.
तेराव्या सहीची जागा सोडून
चांगुणा कोळीण रोज मागच्या दाराने
माशांची डोकी आणून देते,
आणि पाटी रिकामी करताना आम्हालाच शिव्या घालते.

११२. तांबडी कुत्री. मागचे दोन्ही पाय लुळे. डंपर.
बागवे प्लंबरने पीव्हीसी पाइपचा गाडा करून दिला,
चाकं पोरांच्या सायकलची.
आता ती वळणावर वेग कमी करत नाही;
भिंतीचे पोपडे रोज झाडावे लागतात.

१४०. बोका. एक डोळा. औषध घेत नाही, देणाऱ्याला घेतो.

१५६ ते १६१. हापूसच्या खोक्यात सहा पिल्लं,
पहाटे दाराशी, वर छापलेलं: जपून हाताळा.
पार्वोने चार दिवसांत दोन ठेवली.
खोकं अजून आहे. त्यात आता भांडी.

१७३ बद्दल लिहायचं नव्हतं.
म्हातारी, पांढऱ्या तोंडाची, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली.
डॉक्टर सबनीस सुई भरून उभ्या होत्या.
मी दारावरच्या पाटीकडे बघितलं:
येथे कोणालाही मारले जात नाही.
पेंटरला अक्षरामागे पैसे दिले होते.
डॉक्टर म्हणाल्या, तुमची पाटी तिला वाचता येत नाही.
सुई पर्समध्ये ठेवून त्या गेल्या.

नऊ दिवस सलाइन.
नऊ दिवस ती माझ्याकडे बघत होती
आणि ती काय मागत होती हे
मला कळत होतं की नव्हतं, अजून ठरत नाही.
शेऱ्यात मी 'नैसर्गिक' लिहिलं.
ते खोटं नाही.
पण एक शब्द लिहायला एवढा वेळ
मला सरकारी नोकरीतही लागला नव्हता.

आणि काल.
तिसांच्या जागेत अठ्ठेचाळीस,
मेडिकलवाल्याची उधारी पाच आकड्यांत,
दाराशी रिक्षा. मांडीवर काळा कुत्रा,
एक पंजा पांढरा, गळ्यात साडीची चिंधी.
माणूस म्हणाला, बिल्डिंगवाले उद्या विष घालणार आहेत.
मी म्हणाले, जागा नाही.
फार मऊ आवाजात म्हणाले. तो आवाज माझा जुनाच,
खिडकीआडचा.

आम्ही मारत नाही.
फक्त कधीकधी दार उघडत नाही.

रात्री रजिस्टरचं शेवटचं पान काढलं.
अनुक्रमांक: नाही.
वर्णन: काळा, पुढचा डावा पंजा पांढरा.
कुठून आले: रिक्षातून. गेले: रिक्षातून.
शेवटच्या रकान्यावर पेन थांबलं.

मागून वाकून बघणारा तन्वीर काही बोलला नाही.
भाताचं पातेलं खाली ठेवून फाटकापर्यंत गेला
आणि रिफायनरीच्या ज्वाळेने तांबूस झालेल्या रस्त्याकडे तोंड करून
त्याने हाक मारली,
शेरा!

रस्ता तसाच.
आत मात्र सगळेच उठले, गाडा भिंतीवर आपटला,
एकडोळ्या बोकाही खोक्यावरून खाली उतरला.
जेवणाच्या वेळी तो रोज
याच नावाने सगळ्यांना बोलावतो,
हे मला ठाऊक नव्हतं.