खजिनदाराचा राजीनामा

प्रणोती, ही घे वही.
लाल कापडी पाठीची, दोनशे पानी,
बोपोडीच्या चौकातून आणलेली.
कोपऱ्यावरचा चहाचा डाग माझा नाही,
सालोमन सरांचा. ते गेले, डाग राहिला.

सभेला अकरा लागतात, आलो आपण सात,
त्यातला एक चुकून.
मग अर्धा तास तहकूब,
आणि त्याच सातांनी त्याच सतरंजीवर
पुन्हा बसून उरकली, नियमाप्रमाणे.
अध्यक्ष म्हणाले, क्लबचा दहा वर्षांचा आराखडा हवा.
मी म्हणालो, आधी रविवारी पंप हवा.

लिहून घे.
चेंडू चौदा. हवा धरतात नऊ.
दोन धरतात, पण त्यांच्या मनात आलं तर.
खांब दापोडीच्या यासीन वेल्डरचे,
परांचीचे जुने पाइप जोडून केलेले.
पहिल्यांदा उभे केले तेव्हा वॉचमन म्हणाला,
होर्डिंग कुणाच्या वाढदिवसाचं?
यासीनचे अठराशे अजून बाकी आहेत.
तो मागत नाही.
म्हणून त्याचे आधी दे.

मैदान साडेसहा ते आठ.
आठला क्रिकेटवाले येतात पांढऱ्या कपड्यांत
आणि आपल्या बुटांनी पडलेले खड्डे मोजतात.
वाद घालू नकोस.
निघताना खड्डे पायाने दाबत जा,
त्यांना दिसेल अशा बेताने.

हिंजवडीची एक कंपनी आली होती मध्ये.
जर्सी दिल्या तीस, छातीवर स्वतःचं नाव.
फोटो काढले, चिखल जरा जास्त लावा म्हणाले.
दुसऱ्या वर्षी साहेब हैदराबादला गेले,
तिसऱ्या वर्षी कंपनीच गेली.
जर्सी मात्र टिकल्या.
आता ते नाव अंगावर घेऊन
पोरं एकमेकांना आडवं पाडतात.

जर्सी धुते इमादची आई.
इमादचं गळ्याचं हाड मोडलं त्या आठवड्यात
ती रेषेपाशी येऊन उभी राहिली, हातात डबा.
मला वाटलं, आता क्लब बंद.
तिने पूर्ण सामना पाहिला
आणि एवढंच विचारलं,
पडलेल्याला उठवायला तुमच्यात माणूस कोण?
मी म्हणालो, अजून ठरलेलं नाही.
साबणाचे पैसे ती घेत नाही.
खर्चाच्या बाजूला ‘साबण’, पुढे शून्य,
दर महिन्याला लिहिलंय. ती ओळ गाळू नकोस.

वर्गणी महिना शंभर.
ज्यांच्या नावापुढे बारीक टिंब आहे
त्यांच्याकडे मागायची नाही.
टिंब कशाचं, असं कुणी विचारलं
तर म्हणायचं, पेन गळतं.
एकवीस वर्षं मी तेच म्हणत आलो.
तुझ्या नावापुढेही होतं,
नववीत होतीस तेव्हा.
बघ हवं तर, पान त्रेसष्ट.

मी या खेळात आलो पस्तिसाव्या वर्षी,
दारूगोळा कारखान्याची पहिली पाळी संपवून.
हसलो होतो नियम ऐकून:
धावायचं पुढे
आणि चेंडू द्यायचा मागच्याला.
सर म्हणाले, मागे कुणी आहे
याची खात्री असल्याशिवाय धावायचंच नाही.
ते मला जमलं नाही कधी.
मी धावायचो, आणि मग बघायचो.

बाकी काही अवघड नाही.
प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज,
आणि उलटल्यावर पहिल्या ओळीत लिहायचं,
मागील पानावरून पुढे.
रकमेच्या आधी. विसरू नकोस.

आजची शिल्लक तीन हजार चारशे बारा रुपये
पन्नास पैसे.
हे आठ आणे कुठून आले
ते मला सापडलेलं नाही.
बाजारात आता कुणी घेत नाही त्यांना.
आपल्याकडे मात्र
दर वर्षी पुढे ओढत आणलेत.