ओली रेघ

कायानीला आता कागद होत नाही.
ज्या दालनात एकोणिसाव्या वर्षी मी
लगद्याच्या टाकीपाशी पहिली पाळी केली
तिथे काळी कपाटं उभी आहेत
पोटात पाण्याच्या नळ्या घेऊन,
आणि मीच त्यांचा राखणदार.
गिरणी गेली. पाळी तीच, रात्रीची.

यंत्रांत काय शिजतंय ते मला कळायची गरज नाही.
कुणाचं हवामान, कुणाची प्रथिनं.
पण औली मोइलानेनचं काम तिसऱ्यांदा मेलं
तेव्हा युवास्क्युलाहून तिचाच फोन आला.
बहात्तर तासांची मर्यादा, मग पुन्हा रांग, पाच दिवसांची.
"थोडे तास वाढवून मिळतील?"
म्हटलं, बाई, आहे तरी काय ते?

तिनं सांगितलं तसं सांगतो.
दोन जड अणुकेंद्रं एकमेकांवर आपटली
की प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळतात,
क्वार्कांचा रस्सा होतो,
आणि निवता निवता पुन्हा कणी धरतो, तुपासारखा.
कधी हे गुपचूप होतं, कधी बुडबुडे फुटून.
या दोन रीतींच्या मध्ये, नकाशावर,
एक ठिपका असावा.
असावा, म्हणाली. आहे, असं म्हणाली नाही.

ठिपक्यापाशी रश्श्याचं काही ठरेना होतं.
एका कोपऱ्यातली कुजबुज दुसऱ्यात ऐकू जाते,
शेजाऱ्याच्या शेजाऱ्याला विचारल्याशिवाय
कुणी कूस बदलत नाही.
कुजबुज दुप्पट लांब पोचली तर वेळ आठपट,
चौपट, तर चौसष्टपट.

प्रोग्राम तसा साधा. चौकोनी घरं.
या घरातून चिमूटभर घ्यायचं, शेजारी टाकायचं,
फासा टाकायचा,
होय आलं तर राहू द्यायचं, नाही तर मुकाट परत.
एकूण बेरजेला धक्का लागता कामा नये.
फासे किती टाकले ते विचारू नका.

मला ओली रेघ आठवली.
जाळीवर पसरलेला लगदा आधी चकाकतो,
पाणी खाली झिरपत जातं,
आणि एका जागी चकाकी एकाएकी मरते.
अलीकडे लगदा, पलीकडे कागद.
रेघ तिथेच थरथरत असते, रात्रभर.
आमचा मुकादम रेइयो त्या हिवाळ्यात म्हणाला, वेग वाढवा.
वाढवला. रेघ सरकली, अजून सरकली,
रुळांखाली गेली, आणि ओल्या पट्ट्याच्या
चिंध्या झाल्या. पहाटेपर्यंत फावड्यानं काढत होतो.

हे फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, "तोही असाच पळतो हो.
ठिपक्याजवळून जातो, पण इतक्या घाईत पसरतो
की कुजबुज अर्ध्यातच विझते.
त्याला कोण मर्यादा वाढवून देणार?
मला ते अर्धंच हवंय.
पण घाईत काय राहून गेलं हे कळायला
निवांतपणी काय झालं असतं ते आधी लागतं."

तास देणं माझ्या हातात नाही. समिती मार्चमध्ये बसते.
तेवढं सांगून मी फोन ठेवला.

आमच्याकडचं तापलेलं पाणी गावात जातं, घरं ऊब धरतात.
बाहेर उणे सत्तावीस.
तिसऱ्या मजल्यावरच्या लेम्पी हेइक्कुरानं सकाळी जिन्यात अडवलं:
रेडिएटर कोमट होता रात्री, काही बिघडलं का?
म्हटलं, एका मुलीचा रस्सा अर्धा राहिला.
एका कामानं पाण्याला काही फरक पडत नाही,
हे मला माहीत आहे.
लेम्पीनं मान डोलावली. "मग पुन्हा चढवायला सांग तिला."

सहाव्या रात्री, चारच्या सुमाराला,
औलीचं काम रांगेतून आत आलं.
ठिपक्यापासून हजारात दोन भाग वर.
मी कॉफी ओतली, खुर्ची जरा पुढे ओढली.
पडद्यावर एक आकडा.
कॉफी निवली तरी तोच.